एनएचएलच्या प्लेऑफमधलं डिव्हिजननुसार मानांकन न्याय्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल. एप्रिल आला की न्यू जर्सी, टोरंटो, कॅलगरीकडची मराठी मंडळी आणि भल्या पहाटे उठून सामने पाहणारे इकडचे चाहते प्लेऑफच्या मांडणीवरून तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगतो. सध्याची पद्धत अन्यायकारक आहे, आणि तो अन्याय दरवर्षी एकाच जागी होतो: तगड्या डिव्हिजनमधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या संघावर. तो दूर करायला फारसं काही मोडावंही लागत नाही.

सध्याची पद्धत नेमकी कशी आहे?

लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या दोन कॉन्फरन्स: ईस्टर्न आणि वेस्टर्न. ईस्टर्नमध्ये अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन, वेस्टर्नमध्ये सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन-दोन डिव्हिजन. प्रत्येकीत ८ संघ. विजयाला २ गुण, आणि ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलात तरी १ गुण. साखळी सामने संपले की प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन संघ प्लेऑफमध्ये जातात. उरलेल्यांमधून, डिव्हिजन न बघता, प्रत्येक कॉन्फरन्समधले सर्वाधिक गुणांचे दोन संघ वाइल्ड कार्डवर आत येतात. असे एकूण १६.

पहिल्या फेरीत प्रत्येक डिव्हिजनचा दुसरा आणि तिसरा संघ एकमेकांशी खेळतात. दोन डिव्हिजन विजेत्यांपैकी ज्याचे गुण जास्त, त्याच्या वाट्याला कमी गुणांचा वाइल्ड कार्ड संघ येतो; दुसऱ्या विजेत्याला उरलेला. पुढच्या फेरीत डिव्हिजन विजेत्याच्या मालिकेतून जिंकलेला संघ आणि त्याच डिव्हिजनच्या दुसऱ्या-तिसऱ्यांच्या मालिकेतून जिंकलेला संघ आमनेसामने येतात. वाइल्ड कार्ड संघ सोडले तर पहिल्या दोन्ही फेऱ्या डिव्हिजनच्या आतच खेळल्या जातात. मालिका सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे.

मग यात अन्याय कुठे आहे?

२०१६-१७ च्या हंगामातली ईस्टर्न कॉन्फरन्स बघा. या विषयावर मला एकच उदाहरण द्यायला सांगितलं तर मी हेच देईन.

गुण असे होते. वॉशिंग्टन कॅपिटल्स ११८, पिट्सबर्ग पेंग्विन्स १११, कोलंबस ब्लू जॅकेट्स १०८, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स १०३, न्यूयॉर्क रेंजर्स १०२, ऑटवा सेनेटर्स ९८, बॉस्टन ब्रुइन्स ९५, टोरंटो मेपल लीफ्स ९५. वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, कोलंबस आणि रेंजर्स हे चौघं मेट्रोपॉलिटनमधले. बाकीचे चौघं अटलांटिकमधले.

संपूर्ण लीगमध्ये वॉशिंग्टन पहिलं, पिट्सबर्ग दुसरं आणि कोलंबस चौथं होतं. लीगमधला दुसरा आणि चौथा संघ पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर उभे राहिले, कारण ते एकाच डिव्हिजनमध्ये दुसरे आणि तिसरे होते. त्याच वेळी पलीकडे ९८ गुणांचं ऑटवा आणि ९५ गुणांचं बॉस्टन एकमेकांशी खेळत होते. त्यांच्यातून कुणीतरी दुसऱ्या फेरीत जाणार हे ठरलेलंच होतं.

आता हेच आठ संघ निव्वळ गुणांनुसार १ ते ८ असे लावून बघू. पहिला विरुद्ध आठवा म्हणजे वॉशिंग्टन-टोरंटो. चौथा विरुद्ध पाचवा म्हणजे मॉन्ट्रियल-रेंजर्स. या दोन्ही मालिका प्रत्यक्षातही झाल्या. फरक पडतो तो फक्त उरलेल्या दोन मालिकांत: गुणांनुसार पिट्सबर्ग-बॉस्टन आणि कोलंबस-ऑटवा व्हायला हव्या होत्या, झाल्या पिट्सबर्ग-कोलंबस आणि ऑटवा-बॉस्टन. १०८ गुण मिळवून कोलंबस पहिल्याच फेरीत ४-१ असं गारद झालं. ऑटवा बॉस्टनला आणि मग रेंजर्सना हरवून कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचलं.

ऑटवाला मी दोष देत नाही. समोर जो आला त्याला त्यांनी हरवलं, आणि अंतिम फेरीत पिट्सबर्गला सातव्या सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत झुंजवलं. प्रश्न त्यांच्या खेळाचा नसून वाटेचा आहे. त्यांची वाट सोपी आणि कोलंबसची अवघड का, याचं गुणतालिकेत कुठलंही कारण सापडत नाही. नकाशात सापडतं.

वॉशिंग्टनचंही बघा. लीगमध्ये अव्वल येण्याचं बक्षीस काय, तर दुसऱ्या फेरीत लीगमधला दुसरा संघ. १ ते ८ च्या मांडणीत, आणि मानांकनाप्रमाणेच निकाल लागले असते तर, दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर १०३ गुणांचं मॉन्ट्रियल आलं असतं.

एखाद्या वर्षी असं व्हायचंच. त्यावरून पद्धत वाईट कशी ठरते?

पुढच्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, लीगमधले पहिले चार संघ होते नॅशव्हिल (११७), विनिपेग (११४), टँपा बे (११३) आणि बॉस्टन (११२). नॅशव्हिल आणि विनिपेग सेंट्रलमधले, टँपा आणि बॉस्टन अटलांटिकमधले. चौघांनीही पहिली फेरी पार केली आणि दुसऱ्या फेरीत ते आपापसांत भिडले. चारपैकी दोघं तिथेच घरी गेले. १ ते ८ च्या मांडणीत या दोन्ही जोड्या कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीआधी समोरासमोर येऊच शकल्या नसत्या. नॅशव्हिल-विनिपेग मालिका सात सामने चालली. ती वेस्टची अंतिम फेरी म्हणून खेळली गेली असती तर कुणाचीही तक्रार नव्हती.

सेंट्रलमध्ये तर हे नेहमीचंच आहे. २०१३-१४ मध्ये सेंट लुईस (१११) आणि शिकागो (१०७) पहिल्या फेरीत. २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच दोघं, १०७ आणि १०३ गुणांवर. २०२४-२५ मध्ये डॅलस (१०६) आणि कोलोराडो (१०२). या शेवटच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात मिक्को रांटानेनने तिसऱ्या सत्रात हॅटट्रिक करून कोलोराडोला, म्हणजे जानेवारीपर्यंत ज्यांच्याकडून तो खेळत होता त्याच संघाला, घरी पाठवलं. असा सामना पहिल्याच फेरीत उरकून टाकायचा नसतो.

त्या वर्षीची वेस्टची गुणतालिकाही तपासून बघा. विनिपेग ११६, व्हेगास ११०, डॅलस १०६, लॉस एंजेलिस १०५, कोलोराडो १०२, एडमंटन १०१, मिनेसोटा ९७, सेंट लुईस ९६. १ ते ८ लावलं तर विनिपेग-सेंट लुईस आणि व्हेगास-मिनेसोटा जशाच्या तशा राहतात. बदलतात फक्त दुसऱ्या-तिसऱ्यांच्या मालिका: डॅलस-एडमंटन आणि लॉस एंजेलिस-कोलोराडो. २०१७ च्या ईस्टमध्ये जिथे गडबड झाली होती, नेमकी तिथेच.

पण २०१७ चा स्टॅनली चषक (म्हणजे लीगचं विजेतेपद) शेवटी पिट्सबर्गनेच जिंकला ना?

हो. कोलंबस, मग सात सामन्यांत वॉशिंग्टन, मग सात सामन्यांत ऑटवा, आणि शेवटी नॅशव्हिल. त्या संघाचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण चांगला संघ अवघड वाटेनेही पोहोचला, एवढ्याने ती वाट योग्य होती असं होत नाही.

याच्या उलट बाजूचा युक्तिवादही ऐकू येतो: हॉकीत काहीही होऊ शकतं, मग मानांकनाला अर्थ काय? २०१९ मध्ये चारही डिव्हिजन विजेते पहिल्या फेरीत हरले आणि चारही वाइल्ड कार्ड संघ जिंकले. १२८ गुणांच्या टँपाला कोलंबसने ४-० ने धुऊन काढलं. २०२३ मध्ये १३५ गुणांचा विक्रम करणाऱ्या बॉस्टनला ९२ गुणांच्या फ्लोरिडाने सात सामन्यांत बाहेर काढलं. धक्के बसणारच, बसावेतही. पण गोठवलेली रबरी चकती कुणाच्या स्केटला लागून कुठे उडेल हे लीगच्या हातात नाही. कोण कुणाशी खेळणार हे आहे. जे हातात आहे तेवढं तरी कमाईप्रमाणे व्हावं, इतकंच मागणं.

तिसऱ्यापेक्षा चौथं येणं फायद्याचं, हे खरं आहे का?

काही वर्षी खरं ठरतं. २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये तिसऱ्या आलेल्या कोलंबसला पिट्सबर्ग मिळालं. चौथे आलेले रेंजर्स वाइल्ड कार्डवर अटलांटिकच्या बाजूला गेले, तिथे त्यांना आधी मॉन्ट्रियल आणि मग ऑटवा मिळालं. ६ गुण कमी आणि वाट हलकी.

याला एक उलटी बाजूही आहे, ती सांगायला हवी. पहिल्या दोन फेऱ्यांत घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मालिका सुरू करण्याचा मान डिव्हिजनमधल्या क्रमांकावर ठरतो. त्यामुळे त्या दुसऱ्या फेरीत १०२ गुणांच्या रेंजर्सना ९८ गुणांच्या ऑटवाच्या घरी जावं लागलं. म्हणजे रेंजर्सवरही अन्याय झालाच, वेगळ्या तऱ्हेचा. शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र लीग हाच मान गुणांवर देते. एकाच स्पर्धेत दोन न्याय.

वेगवेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांच्या गुणांची तुलना करता येते का? त्यांचे सामने तर वेगळे असतात.

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. डिव्हिजन पद्धतीच्या बाजूने दिला जाणारा हा सगळ्यांत गंभीर मुद्दा.

२०२१ मध्ये सिएटलचा नवा संघ लीगमध्ये आल्यानंतर ८२ सामन्यांची वाटणी अशी झाली: स्वतःच्या डिव्हिजनमधल्या सात संघांशी मिळून २६, त्याच कॉन्फरन्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या आठ संघांशी प्रत्येकी ३ म्हणजे २४, आणि समोरच्या कॉन्फरन्सच्या सोळा संघांशी प्रत्येकी २ म्हणजे ३२.

यातले ३२ सामने कॉन्फरन्समधल्या सगळ्यांसाठी त्याच सोळा संघांशी आहेत. उरलेल्या ५० मधले २६ घरात आणि २४ शेजारी. टँपाला अटलांटिकवाले जितके वेळा भेटतात जवळजवळ तितकेच मेट्रोपॉलिटनवाले भेटतात. डिव्हिजन हे काही बंद दाराआडचं वेगळं जग नाही. एका कॉन्फरन्सच्या आत गुणांची तुलना करायला यापेक्षा चांगली परिस्थिती व्यावसायिक खेळात क्वचितच मिळते.

शिवाय लीग स्वतः ही तुलना करतेच. वाइल्ड कार्ड कुणाला द्यायचं हे दोन डिव्हिजनच्या गुणांची तुलना करूनच ठरतं. कुठल्या विजेत्याला कुठला वाइल्ड कार्ड संघ मिळणार, हेही तसंच. पहिला, सातवा आणि आठवा ठरवायला गुण चालतात आणि दुसरा-तिसरा ठरवायला चालत नाहीत, याला मला आजवर पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

आणि सामन्यांतला जो थोडा फरक उरतो, तो उलट दिशेने जातो. तगड्या डिव्हिजनमधला संघ तगड्या संघांशी थोडा जास्त खेळतो, म्हणजे त्याचे १०८ गुण हे कागदावर दिसतात त्याहून थोडे जास्तच मोलाचे.

डिव्हिजननुसार प्लेऑफ ही कल्पना आली कुठून?

१९८१-८२ पासून १९९२-९३ पर्यंत एनएचएलमध्ये शुद्ध डिव्हिजन पद्धत होती. अ‍ॅडम्स, पॅट्रिक, नॉरिस आणि स्माइद अशा चार डिव्हिजन, प्रत्येकीतले पहिले चार संघ आत, आणि पहिल्या दोन फेऱ्या डिव्हिजनच्या आतच. जुने चाहते या काळाबद्दल हळवे होतात, आणि ते समजण्यासारखं आहे: एडमंटन-कॅलगरी, मॉन्ट्रियल-क्यूबेक ही वैरं याच काळात पेटली.

पण त्याच काळातलं १९८७-८८ साल बघा. नॉरिस डिव्हिजनमध्ये टोरंटो ८० सामन्यांत फक्त २१ जिंकून ५२ गुणांवर चौथं आलं आणि प्लेऑफमध्ये गेलं. पॅट्रिकमध्ये रेंजर्स ८२ गुण मिळवून बाहेर राहिले, कारण न्यू जर्सीचेही ८२ होते पण विजय दोनने जास्त. ८१ गुणांचं पिट्सबर्गही बाहेरच. ५२ वाले आत आणि ८२ वाले घरी. स्माइदमध्ये कॅलगरीने १०५ गुणांसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि दुसऱ्याच फेरीत त्यांना ९९ गुणांचं एडमंटन मिळालं. एडमंटनने ४-० ने मालिका खिशात घातली आणि पुढे चषकही नेला.

१९९३-९४ मध्ये कॉन्फरन्सनुसार १ ते ८ ही पद्धत आली आणि ती २०१३ पर्यंत टिकली. मग २०१३-१४ मध्ये सध्याची. या बदलामागचं खरं कारण नकाशा होतं. अटलांटाचा संघ २०११ मध्ये विनिपेगला गेला, तरी कॅनडाच्या प्रेअरीतला तो संघ दोन हंगाम साउथईस्ट डिव्हिजनमध्ये फ्लोरिडा आणि कॅरोलायनाबरोबर खेळत होता. डेट्रॉइट आणि कोलंबस पूर्वेकडच्या वेळेत राहून वेस्टमध्ये होते. हे दुरुस्त करायलाच हवं होतं, आणि झालं ते चांगलं झालं. मात्र संघांची फेरमांडणी करताना प्लेऑफही पुन्हा डिव्हिजनला बांधले गेले. पहिली गोष्ट दुसरीशिवाय सहज करता आली असती.

जुनी १ ते ८ पद्धत तरी निर्दोष होती का?

नव्हती. तिच्यातही डिव्हिजन विजेत्यांना वरच्या जागा राखीव होत्या. १९९८-९९ पासून सहा डिव्हिजन झाल्या आणि प्रत्येक कॉन्फरन्समधल्या पहिल्या तीन जागा विजेत्यांना मिळू लागल्या. २०११-१२ मध्ये साउथईस्ट जिंकून फ्लोरिडा ९४ गुणांवर तिसऱ्या मानांकनावर बसलं. त्यांच्या खाली पिट्सबर्ग १०८, फिलाडेल्फिया १०३ आणि न्यू जर्सी १०२. परिणाम: गुणांनी कॉन्फरन्समध्ये दुसरं आणि तिसरं असलेलं पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया पहिल्याच फेरीत भिडले.

दुखणं तेच, जागाही तीच. मानांकनात डिव्हिजनला कसलीही सवलत दिली की कुठल्यातरी दुसऱ्या-तिसऱ्याच्या पदरात हे पडतं.

वैराचं काय? डिव्हिजन पद्धतीमुळेच तर जुने वैरी पुन्हा पुन्हा भिडतात.

आयुक्त गॅरी बेटमन यांनी सध्याच्या पद्धतीचं सातत्याने समर्थन केलं आहे, आणि पहिल्या फेरीतल्या रंगतदार मालिका हा त्यातला मोठा मुद्दा असतो. पहिली फेरी रंगतदार होते, याबद्दल दुमत नाही. पण त्याचं श्रेय या पद्धतीला किती द्यायचं?

टोरंटो-बॉस्टन घ्या. २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये हे दोघं दुसरा-तिसरा म्हणून पहिल्या फेरीत भेटले, आणि तिन्ही वेळा टोरंटो सातव्या सामन्यात हरलं. मात्र टोरंटोच्या चाहत्याला विचाराल की सगळ्यांत खोल जखम कुठली, तर तो २०१३ सांगेल: सातव्या सामन्यात तिसऱ्या सत्रात टोरंटो ४-१ ने पुढे असताना बॉस्टनने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ ने जिंकलं. ती मालिका १ ते ८ पद्धतीतली. चौथा विरुद्ध पाचवा.

पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी आणि वॉशिंग्टनचा अलेक्झांडर ओव्हेचकिन यांच्या एकाच सामन्यातल्या दोन हॅटट्रिक? २००९, दुसरी फेरी, तीही १ ते ८ पद्धतीत. वैर खेळाडूंमुळे, शहरांमुळे, सातव्या सामन्यांमुळे तयार होतं. सध्याच्या पद्धतीत वॉशिंग्टन-पिट्सबर्ग २०१६, २०१७ आणि २०१८ अशी तीन वर्षं लागोपाठ दुसऱ्या फेरीत भिडले, आणि तिन्ही वर्षी त्यातल्या विजेत्यानेच स्टॅनली चषक जिंकला. त्यांच्यातली एक तरी मालिका कॉन्फरन्सची अंतिम फेरी व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. आपल्या पिढीतले दोन सर्वांत मोठे खेळाडू, आणि कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत त्यांची एकदाही गाठ नाही.

उलट, ज्या वैरासाठी हे सगळं चालतं असं सांगितलं जातं त्याचं काय झालं? एडमंटन-कॅलगरी ही मालिका २०१४ ते २०२५ या बारा प्लेऑफमध्ये एकदाच झाली, २०२२ मध्ये. त्याआधीची १९९१ मध्ये. त्याऐवजी आपल्याला मिळालं एडमंटन-लॉस एंजेलिस. पहिली फेरी, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५. चारही वेळा एडमंटन जिंकलं. लॉस एंजेलिसच्या चाहत्यांनी चार वर्षं एप्रिलमध्ये त्याच संघाकडून हार बघितली. पुनरावृत्तीतून वैर पेटतं हे खरं, पण तिचा कंटाळाही येतो.

प्रवास आणि सामन्यांच्या वेळा?

ईस्टर्न कॉन्फरन्सपुरता हा मुद्दा बाजूला ठेवा. तिथले सोळाही संघ एकाच वेळेत राहतात. कोलंबसने पिट्सबर्गऐवजी ऑटवाला जायचं, एवढाच काय तो फरक.

वेस्टमध्ये मात्र वजन आहे. डॅलस किंवा विनिपेगच्या चाहत्याला पॅसिफिक किनाऱ्यावरचे सामने रात्री उशिरा सुरू होतात, मुलं झोपून जातात, विमानप्रवास लांबतो. (भारतात बसून बघणाऱ्यांची मात्र यात सोय होते: पूर्वेकडचे सामने एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला सुरू होतात, किनाऱ्यावरचे सकाळी साडेसातला.) ही किंमत मी नाकारत नाही. पण वाइल्ड कार्डमुळे ती आजही मोजली जातेच. २०२५ मध्ये मिनेसोटा पहिल्या फेरीत व्हेगासशी खेळलं. कॉन्फरन्सची अंतिम फेरी तर बहुतेक वेळा दोन डिव्हिजनमधलीच असते. एक-दोन मालिकांच्या प्रवासापायी ८२ सामन्यांची कमाई बाजूला ठेवावी, इतकी ती किंमत मोठी नाही.

प्रत्येक फेरीनंतर नव्याने मानांकन लावावं का?

लावावं. १९९४ ते २०१३ या काळात ते होत होतं: उरलेल्यांतला सर्वांत वरचा संघ सर्वांत खालच्याशी खेळायचा. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस आठव्या मानांकनावरून आलं आणि त्यांनी व्हँकुव्हर, सेंट लुईस, फिनिक्स अशा पहिल्या तिन्ही मानांकित संघांना ओळीने हरवून पुढे चषक जिंकला. त्यांची वाट सोपी होती असं कुणी म्हणू शकलं नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात टोरंटो आणि एडमंटनमध्ये बंदिस्त प्लेऑफ झाले तेव्हाही दर फेरीला नव्याने मानांकन लावलं गेलं.

विरोध होतो तो मुख्यतः ब्रॅकेट भरण्याच्या हौसेपायी. ठरलेली आकृती असली की लोक सुरुवातीलाच पूर्ण अंदाज लिहून ठेवतात. ही मजा मलाही कळते. दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर मी १ ते ८ घेईन आणि नव्या मानांकनाचा आग्रह सोडेन.

बाकीच्या लीग काय करतात?

बास्केटबॉलची एनबीए याच रस्त्याने गेली. २०१४-१५ मध्ये ५१ विजयांचं पोर्टलंड डिव्हिजन विजेतं म्हणून चौथ्या मानांकनावर बसलं, आणि ५६ विजयांचे क्लिपर्स आणि ५५ विजयांचं सॅन अँटोनियो पहिल्याच फेरीत भिडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनबीएने ही राखीव जागा काढून टाकली. आता कॉन्फरन्समधलं मानांकन कामगिरीवरच ठरतं. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल अजूनही डिव्हिजन विजेत्याला घरचा सामना देते. २०१० च्या हंगामात ७ विजय आणि ९ पराभवांच्या सिएटलने ११ विजयांच्या न्यू ऑर्लिन्सला आपल्या घरी बोलावून हरवलं होतं.

महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने, म्हणजे पीडब्ल्यूएचएलने, वेगळीच वाट काढली. तिथे पहिला आलेला संघ तिसऱ्या आणि चौथ्यातून आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो. २०२४ मध्ये टोरंटोने मिनेसोटा निवडलं, २०२५ मध्ये मॉन्ट्रियलने ऑटवा निवडलं, आणि निवडणारे दोन्ही वेळा हरले. तरी निवडीचा हक्क त्यांनी कमावलेला होता, म्हणून मला ही पद्धत आवडते.

आणि आयपीएल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. २०२२ पासून दहा संघांचे दोन गट केले जातात, पण ते कोण कुणाशी किती वेळा खेळणार हे ठरवण्यापुरतेच. गुणतालिका एकच, आणि पहिल्या दोघांना अंतिम सामन्यात जायच्या दोन संधी. गट वेळापत्रकासाठी आणि क्रमांक गुणांसाठी: एनएचएलमध्ये मला नेमकं हेच हवं आहे.

मग कॉन्फरन्सही नको, सरळ १ ते १६ का नाही?

१९७९-८० आणि १९८०-८१ मध्ये ते करून झालं आहे. १९८१ मध्ये चौदाव्या क्रमांकाच्या एडमंटनने तिसऱ्या मॉन्ट्रियलला ३-० ने हरवलं, वेन ग्रेट्झकीच्या त्या तरुण संघाची पहिली मोठी झेप. पण आज ३२ संघ आहेत आणि व्हँकुव्हर-फ्लोरिडा अशी मालिका पहिल्या फेरीत लागली तर चाहते आणि खेळाडू दोघांचेही हाल होतील. शिवाय दोन कॉन्फरन्सची वेळापत्रकं खरोखर वेगळी असतात, त्यामुळे गुणांची तुलनाही तितकी सरळ राहत नाही. म्हणून माझी मागणी कॉन्फरन्सपाशी थांबते.

नेमका कुठला बदल हवा?

डिव्हिजन तशाच ठेवा. वेळापत्रकही तसंच, हवं तर डिव्हिजनमधले सामने वाढवा. विजेत्याला प्लेऑफमध्ये हमखास जागा द्या, म्हणजे डिव्हिजन जिंकण्याला अर्थ राहील. पण कॉन्फरन्समधले आठ संघ ठरले की मानांकन फक्त गुणांवर लावा, आणि गुण समान असतील तर आत्ताप्रमाणेच निर्धारित वेळेतल्या विजयांवर. घरच्या रिंकचा मान चारही फेऱ्यांत गुणांवर द्या.

हा बदल कोण करू शकतं?

संघमालकांचं मंडळ आणि खेळाडूंची संघटना, दोघांनी मिळून. खेळाडूंचा शब्द इथे पोकळ नाही. डिसेंबर २०११ मध्ये मालकांनी चार गटांची एक मांडणी मंजूर केली होती आणि जानेवारी २०१२ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ती नाकारली. २०१३ मधली मांडणी त्यांच्या संमतीनेच आली. २०२५ मध्ये झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतो आहे. सामने वाढताहेत, म्हणजे त्यांतून कमावलेल्या गुणांचं वजनही प्लेऑफमध्ये वाढायला हवं.

हे गणित स्वतः कसं करून बघायचं?

साखळी सामने संपले की एका कॉन्फरन्सची पूर्ण गुणतालिका उघडा आणि डिव्हिजनचे रकाने विसरून पात्र ठरलेले आठही संघ गुणांनुसार उतरत्या क्रमाने लिहा. पहिला-आठवा, दुसरा-सातवा, तिसरा-सहावा, चौथा-पाचवा अशा जोड्या लावा आणि शेजारी लीगने लावलेल्या जोड्या लिहा. जिथे फरक दिसेल तिथे दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज करा. २०१७ मध्ये ही बेरीज पिट्सबर्ग-कोलंबससाठी २१९ येते आणि ऑटवा-बॉस्टनसाठी १९३. सध्याच्या पद्धतीतल्या कुठल्याही वर्षासाठी हे करता येतं. २०१४ पासून सुरुवात करा, आणि वेस्ट आधी घ्या.